पाणी स्वच्छ आलं का?

लखनौला दादाच्या घरी चार वर्षं सकाळची सुरुवात एकाच प्रश्नानं होत असे: पाणी स्वच्छ आलं का? पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी वहिनी दोन्ही हातांनी उचलायच्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर धरायच्या. पिशवीआडून तारखेखालची बारीक अक्षरातली तिथी वाचता आली की पाणी स्वच्छ. मग त्या ती तिथी मोठ्यानं वाचायच्या. "आज कृष्ण नवमी" असं आतून ऐकू आलं की मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायची. कुणी वर्तमानपत्रावर पिशवी ठेवून मजकूर वाचून पाहतं, आमच्याकडे कालनिर्णय होतं. मुंबईहून ते दरवर्षी डिसेंबरात मीच घेऊन जात असे.

मराठी माणसाला लखनौ ठाऊक असतं ते भातखंड्यांमुळे. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी तिथे संगीताचं महाविद्यालय उभं केलं, ते आज त्यांच्याच नावानं विद्यापीठ झालं आहे. दादा मात्र गेला रेल्वेच्या नोकरीनिमित्त, आणि तिथलाच झाला. मधुमेहानं त्याची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. आठवड्यातून दोन-तीन वेळा केंद्रावर जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं, किंवा घरच्या घरी पोटाचं डायलिसिस करायचं. दादानं दुसरी वाट धरली. मी वर्षातून दोनदा महिना-महिना जाऊन राहायची आणि वहिनींचा हात हलका करायची. त्या महिन्यांत जे शिकले आणि जिथे चुकले, त्यातून हे पुस्तक झालं. त्यातला मोठा भाग संसर्गाबद्दल आहे. पोटाचं डायलिसिस घेणाऱ्या घराला सर्वांत जास्त भीती त्याचीच असते, आणि त्याबद्दलच सर्वांत कमी मोकळेपणानं बोललं जातं.

आधी हे डायलिसिस चालतं कसं ते सांगते. आपल्या पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ, ओलसर अस्तर असतं. आतड्यांवरही तेच गुंडाळलेलं असतं. पसरून ठेवलं तर ते जवळजवळ आपल्या त्वचेइतकं भरेल. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. पोटात साधारण दोन लिटर द्रावण सोडून चार-सहा तास ठेवलं, की रक्तातला कचरा अस्तरातून झिरपून त्या द्रावणात उतरतो, आणि द्रावणातली साखर अंगातलं जास्तीचं पाणी ओढून घेते. मग ते द्रावण काढून टाकायचं आणि नवं भरायचं. याला एक्स्चेंज म्हणतात. दिवसातून तीन किंवा चार एक्स्चेंज, रोज, सणवार आणि आजारपण धरून. मूत्रपिंडाचं काम हे अस्तर करतं, आणि केंद्रातल्या तंत्रज्ञाचं काम घरातलं माणूस करतं.

हेच अस्तर पोटातल्या अवयवांचं घरही आहे. तिथे जंतू नसतात. बाहेरून नळी घातली की त्या जंतुविरहित जागेला दार तयार होतं. नळी सिलिकॉनची, मऊ. अमेरिकेतल्या सिएटलच्या हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्ये तिला जे रूप दिलं, ते थोड्याफार फरकानं आजही चालतं. कातडीखाली तिच्यावर धाग्याच्या दोन कड्या असतात. शरीराचे तंतू त्या कड्यांत वाढून घट्ट बसतात आणि बाहेरच्या जंतूंना अडवतात. तरीही नळीचं बाहेरचं तोंड रोज तीन-चारदा उघडावं लागतंच.

या उपचाराचा सगळा इतिहास म्हणजे ते तोंड सुरक्षित कसं करायचं याचा इतिहास आहे. जर्मनीत गेओर्ग गांटर यांनी १९२३ मध्येच पोटाच्या अस्तरातून रक्त शुद्ध करण्याचे प्रयोग केले होते, पण उपचार रुळला नाही, आणि त्याचं मोठं कारण संसर्ग हे होतं. टेक्सासमध्ये रॉबर्ट पोपोविच हे अभियंते आणि जॅक मॉनक्रिफ हे डॉक्टर यांनी १९७६ च्या सुमारास द्रावण दिवसभर पोटात ठेवून माणसाला हिंडतं-फिरतं ठेवण्याची पद्धत मांडली. तेव्हा द्रावण काचेच्या बाटल्यांत येई. रुग्णांना काही आठवड्यांनी पुन्हा पुन्हा पोटाचा संसर्ग होई. पुढे टोरोंटोत दिमित्रिओस ओरिओपुलस यांनी प्लास्टिकच्या पिशव्या वापरात आणल्या. मग इटलीच्या उंबेर्तो बुऑनक्रिस्तियानी यांनी एक साधी, फार मोलाची गोष्ट केली. त्यांनी इंग्रजी वाय अक्षरासारखी दुफाट्याची नळी वापरली. जोडणी केल्यावर आधी पोटातलं पाणी बाहेर सोडायचं, नव्या द्रावणाची एक चूळ त्याच वाटेनं बाहेर वाहू द्यायची, आणि मगच पोट भरायचं. जोडताना तोंडाशी लागलेले जंतू धुऊन बाहेर जातात, आत जात नाहीत. आजच्या जोडपिशवीत तेच आहे. वहिनी नव्या पिशवीची चिमटी सोडून पाच अंक मोजायच्या, ती ही चूळ. तो आकडा कुठून आला हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही पुष्कळ उशिरा कळलं.

आता थोडं गणित. पेरिटोनियल डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे एखाद्या केंद्रात पोटाच्या संसर्गाचं प्रमाण दर रुग्णामागे वर्षाला ०.४० पेक्षा जास्त नसावं. म्हणजे सरासरी एका रुग्णाला अडीच वर्षांत एकदा. रोज तीन एक्स्चेंज धरले तर अडीच वर्षांत नळीचं तोंड दोन हजार सातशेहून अधिक वेळा उघडलं जातं. सगळे संसर्ग तिथून येत नाहीत, ते पुढे सांगणारच आहे. पण समजा आले. तरी अडीच हजारांहून अधिक वेळा एका गृहिणीनं, निवृत्त माणसानं किंवा कॉलेजातल्या मुलीनं ते काम बिनचूक करायचं आणि एकदाच चुकायचं, अशी ही अपेक्षा आहे. बिनचूकपणाची एवढी अट आपण फार थोड्या माणसांना घालतो. म्हणून संसर्ग झालेल्या घराकडे बोट दाखवण्याआधी हा आकडा आठवावा असं मला वाटतं.

आमच्याकडची एक वेळ सांगते. जून महिना होता. लखनौचा जून म्हणजे दुपारी अंगावर भाजणारी लू आणि दारं-खिडक्या लावूनही पापुद्र्यासारखी साचणारी धूळ. संध्याकाळच्या एक्स्चेंजची वेळ झाली आणि वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी आधीच उतरली होती. एक्स्चेंजच्या खोलीत पंखा बंद ठेवायचा हा पहिला नियम. पंखा फिरतच नव्हता, म्हणून बटण बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी हात साबणानं धुतले, कोरड्या टॉवेलनं पुसले, तोंडाला मास्क लावला, पिशवीवरची तारीख आणि साखरेची टक्केवारी टॉर्चच्या उजेडात वाचली. नळीचं टोपण काढलं, आणि नेमकी तेव्हा वीज आली. डोक्यावरचा पंखा गरगरला. "वन्सं, पंखा!" वहिनी ओरडल्या. मी दचकले आणि हातातलं नळीचं उघडं टोक माझ्या ओढणीला टेकलं. निमिषभर. मी ते तसंच पिशवीला जोडलं, पोटातलं पाणी काढलं आणि नवं भरलं. ओढणीला टेकलं हे वहिनींनी पाहिलं नव्हतं. मी सांगितलं नाही.

त्या वेळी काय करायला हवं होतं, हे आता मला झोपेतही सांगता येईल. टोक कशालाही टेकलं तर तिथेच थांबायचं. रुग्णाच्या बाजूची चिमटी बंद असल्याची खात्री करायची, नवं टोपण लावायचं आणि केंद्राला फोन करायचा. चिमटी बंद असताना टोक टेकलं असेल तर बाहेरचा जोडनळीचा तुकडा, ज्याला ट्रान्सफर सेट म्हणतात, तो निर्जंतुक पद्धतीनं बदलून काम भागतं. टेकल्यानंतर द्रावण आत गेलं असेल तर संसर्ग होण्याआधीच प्रतिजैविक दिलं जातं. एक फोन, एक फेरी, थोडं औषध. मी गप्प राहिले, कारण माझ्या हातून झालं होतं, आणि दादासमोर ते कबूल करायची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी पिशवी कालनिर्णयसमोर धरली आणि बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही. मी जाऊन पाहिलं तर पिशवीत तांदळाच्या धुवणासारखं पाणी होतं. कॅलेंडरवरचा मोठा आकडासुद्धा दिसत नव्हता.

याला पेरिटोनायटिस म्हणतात, पोटाच्या अस्तराचा दाह. पाणी गढूळ दिसतं ते पांढऱ्या पेशींमुळे. जंतूंशी लढायला त्या अस्तरातून लाखोंनी द्रावणात उतरतात. डॉक्टर तीन गोष्टी पाहतात: पोटदुखी किंवा गढूळ पाणी, किमान दोन तास पोटात राहिलेल्या द्रावणाच्या एका मायक्रोलिटरमध्ये शंभराहून अधिक पांढऱ्या पेशी आणि त्यात अर्ध्याहून जास्त न्यूट्रोफिल या प्रकारच्या, आणि कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, उगवलेला जंतू. तिन्हींपैकी दोन जुळल्या की निदान पक्कं. पण उपचार कल्चरच्या निकालासाठी थांबत नाहीत. प्रतिजैविक लगेच, आणि बहुतेक वेळा द्रावणाच्या पिशवीतूनच थेट पोटात दिलं जातं. जंतूप्रमाणे दोन ते तीन आठवडे ते चालतं. म्हणून घरच्यांना माझी सर्वांत कळकळीची विनंती ही आहे: गढूळ पिशवी ओतून टाकू नका. ती घेऊन जा. पहिल्या गढूळ पिशवीत जंतू सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. आणि घरातल्या डब्यातली उरलेली प्रतिजैविकाची गोळी आधी देऊ नका. एका गोळीनं ताप उतरतो, पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. मग डॉक्टरांना अंधारात बाण मारावा लागतो. आपल्या देशात कल्चर रिकामं येण्याचं प्रमाण जास्त आहे, आणि त्यामागे ही डब्यातली गोळी हे एक कारण आहे.

दादा वाचला. बहुतेक जण वाचतात. दर शंभर झटक्यांत मृत्यूनं संपणारे पाचांहून कमी असतात. पण प्रत्येक झटका अस्तराला थोडा थोडा कायमचा निबर करतो. पाच दिवसांत पाणी निवळलं नाही तर नळी काढावी लागते. आणि बुरशीचा संसर्ग असेल तर वाटच पाहायची नाही, निदान होताच नळी काढायची. ही बुरशी, बहुधा कँडिडा, पुष्कळदा प्रतिजैविकाच्या आधीच्या फेरीनंतर येते. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांमधल्या बुरशीच्या पेरिटोनायटिसवर २००४ च्या सुमारासच लिहून ठेवलं आहे. रायबरेली रस्त्यावरची ही संस्था १९८३ साली स्थापन झाली. उत्तर भारतात पोटाच्या डायलिसिसचं मोठं काम तिथे झालं. भारतात घरच्या या डायलिसिसची सुरुवात १९९१ ची, म्हणजे लखनौच्या डॉक्टरांनी आपल्याच रुग्णांकडून शिकत शिकत हा अनुभव जमवला.

त्या संस्थेतल्या एका अभ्यासानं मला सर्वांत जास्त शिकवलं. डॉ. नारायण प्रसाद, डॉ. अमित गुप्ता आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं पोषण आणि पेरिटोनायटिस यांचा संबंध तपासला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. कुपोषित रुग्णांना संसर्ग जास्त वेळा होत होता. सांगितल्यावर उघड वाटतं, पण घरात काय घडतं पाहा. मूत्रपिंडाचा विकार सुरू झाला की वर्षानुवर्षं सांगितलं जातं: डाळ कमी, पनीर बंद, अंडं नको. घर ते मनापासून पाळतं. मग डायलिसिस सुरू होतं, आणि पथ्य उलटं होतं. पोटाच्या पाण्यातून रोज पाच ते दहा ग्रॅम प्रथिनं निघून जातात, दाह झाला तर कितीतरी जास्त. आता वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिनं रोज खायला हवीत. त्यात पोटात सतत दोन लिटर पाणी, शिवाय त्यातली साखर अंगात शोषली जाते, म्हणून भूक मरते. आणि घरातली म्हातारी माणसं अजून जुन्याच पथ्याचा हट्ट धरून बसलेली असतात. आमच्याकडेही दादाच्या ताटातली डाळीची वाटी डायलिसिस सुरू झाल्यावर सहा महिने अर्धीच राहिली होती. नळीची एवढी राखण, आणि राखणारं शरीर उपाशी. पुस्तकात आहाराचं प्रकरण संसर्गाच्या प्रकरणाआधी ठेवलं आहे ते म्हणूनच.

जंतू यायच्या बाकीच्या वाटांकडे लोकांचं लक्षच जात नाही. नळी कातडीतून जिथे बाहेर येते ती जागा रोज पाहायची, हात लावून, उजेडात. लाली, ओल, खपली, दाबल्यावर पू, यातलं काहीही दिसलं तर सांगायचं. तिथे रोज प्रतिजैविक मलम लावायला सांगतात ते विसरायचं नाही. नळी कमरेला चिकटपट्टीनं बांधून ठेवायची. साडीच्या निऱ्यांत किंवा पायजम्याच्या नाडीत ती ओढली गेली की बरी झालेली जागा पुन्हा फाटते. तळं, नदी, टबमधली अंघोळ नको. अवधात हे सांगणं सोपं नाही. कार्तिक पौर्णिमेला गंगास्नान करायचं म्हणून दादाच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ हट्ट धरून बसले होते, त्यांच्याही पोटात नळी होती. शेवटी त्यांच्या सुनेनं गंगाजल आणून त्यांच्या कपाळाला लावलं. आणखी एक वाट आतूनच येते, आतड्याच्या भिंतीतून. बद्धकोष्ठ झालं, रक्तातलं पोटॅशियम उतरलं, की आतडं सुस्तावतं आणि त्यातले ई कोलायसारखे जंतू अस्तरात झिरपतात. आपल्याकडच्या केंद्रांत अशा जंतूंचा वाटा मोठा आहे. पोट साफ होतंय का, हा प्रश्न इथे खरोखरच जिवाचा आहे. दात काढायचा असेल किंवा मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी असेल, तर आधी डायलिसिसच्या डॉक्टरांना कळवायचं. ते त्याआधी प्रतिजैविक देतात. मांजर पाळत असाल तर एक्स्चेंजच्या खोलीत तिला येऊ देऊ नका. मांजराचा दात नळीत घुसून झालेले संसर्ग वैद्यकात नोंदलेले आहेत.

एका गोष्टीचा मला अजून राग येतो. दादाला त्या जूनमध्ये संसर्ग झाला तेव्हा तपासणीला आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, "घर साफ ठेवत नाही का?" वहिनींचं घर आरशासारखं होतं. त्या तीन दिवस नीट जेवल्या नाहीत. चूक माझी होती, बोलणी त्यांना बसली, आणि तेव्हाही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी त्यांना सांगितलं ते सहा महिन्यांनी. हाच प्रश्न वरच्या पातळीवर फार नुकसान करतो. झोपडीत राहणाऱ्याला, खेड्यातल्या माणसाला पोटाचं डायलिसिस देऊ नये, कारण तिथे संसर्ग होणार, असं अनेक ठिकाणी गृहीत धरलं जातं. उत्तर प्रदेशात ते परवडणारं नाही. बहराइच किंवा श्रावस्तीच्या खेड्यातून आठवड्यातून तीनदा शहरातल्या मशीनपर्यंत जाणं म्हणजे दिवसाची मजुरी, प्रवास आणि बरोबर येणाऱ्याची मजुरी. द्रावणाच्या पेट्या महिन्यातून एकदा घरी येतात. त्या माणसाला लागते एक खोली, तीही पूर्ण नाही, एक कोपरा. दार बंद करता येईल अशी अर्ध्या तासाची शांतता. साबण, वाहतं पाणी आणि नीट शिकवणारं कुणीतरी. फरशी संगमरवरी आहे की शेणानं सारवलेली, यापेक्षा हात धुऊन कोरडे केले का, हे महत्त्वाचं. केंद्र सरकारनं २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला तेव्हा तो मशीनच्या डायलिसिसपुरता होता. पोटाच्या डायलिसिससाठीची मार्गदर्शिका २०१९ मध्ये आली. तीन वर्षं उशिरा का होईना, दार उघडलं. आता त्या दारातून आत येणाऱ्या प्रत्येक घराला शिकवणारी परिचारिका मिळाली पाहिजे, नुसत्या पेट्या पोचवून चालणार नाही.

आणि शिकवणं एकदाच करून भागत नाही. सुरुवातीचे पाच-सात दिवस शिकवतात तेव्हा घर घाबरलेलं असतं, म्हणून प्रत्येक पायरी पाळतं. सहाव्या महिन्यात हात सरावतो. आठव्या महिन्यात मास्क गळ्यात राहतो. हात धुण्याची दोन मिनिटं अर्ध्या मिनिटावर येतात. म्हणून काही महिन्यांनी, आणि प्रत्येक संसर्गानंतर, पुन्हा पहिल्यापासून शिकवावं असं आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शिका सांगते. आमच्याकडे त्या जूननंतर परिचारिका घरी आल्या. त्यांनी काहीही न विचारता म्हटलं, "करून दाखवा." वहिनींनी केलं, मी केलं. माझ्या हातून टोपण काढण्याआधी त्यांनी फक्त छताकडे पाहिलं. मी उठून पंख्याचं बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

हे पुस्तक वाचणारं घर महाराष्ट्रात असेल, किंवा इंदूर, बडोदा, लखनौ असं कुठेतरी. द्रावणाच्या पेटीवर सूचना इंग्रजीत असतात, परिचारिका हिंदीत समजावते, आणि रात्री दोन वाजता नळी निसटली की आईला मराठीतच विचारावंसं वाटतं. त्या वेळेसाठी हे लिहिलं आहे. मोठ्या अक्षरात, एकेक पायरी वेगळ्या पानावर, ओल्या हातानं पान उलटावं लागू नये म्हणून.

दादा पुढे हृदयविकारानं गेला. त्या जूननंतर त्याला पुन्हा कधी संसर्ग झाला नाही. शेवटच्या सकाळचीही पिशवी वहिनींनी कालनिर्णयसमोर धरली होती, आणि तिथी स्वच्छ वाचली होती: शुद्ध एकादशी.